आठशे वॅटच्या स्मोकरला मोठा एलिमेंट: आधी हिशेब, मग पाना

प्रश्न थोडक्यात असा. मिनियापोलिसला घराच्या डेकवर ३० इंची इलेक्ट्रिक स्मोकर (धुरावर मांस शिजवायचा डबा) आहे, एलिमेंट (तापणारी नळी) ८०० वॅटचा. उन्हाळ्यात बाहेर ७५ डिग्री असताना तो २२५ ला व्यवस्थित टिकतो. दर दहा मिनिटांतली साधारण सहा मिनिटं हीटरचा दिवा लागलेला असतो. डिसेंबरात बाहेर १५ डिग्री झाल्यावर मात्र दिवा विझतच नाही आणि आकडा १९० च्या पुढे सरकत नाही. पोर्क शोल्डर (डुकराच्या खांद्याचं मांस) तर आत १५५ ला पोचून चार तास तिथेच बसला. एलिमेंट मल्टिमीटरवर १८ ओहम दाखवतो. वीज गॅरेजच्या सॉकेटवरून १०० फुटी, १६ गेजच्या एक्स्टेंशन कॉर्डने येते. आत पाण्याचं ताट काठोकाठ भरलेलं असतं. ऑनलाइन १५०० वॅटचा एलिमेंट स्वस्तात मिळतोय, तो बसवू का? आणि दोन वर्षांनी नाशिकला परतताना हा स्मोकर बरोबर न्यावा का?

(तापमानं सगळी फॅरेनहाइटमध्ये आहेत, कारण तुमच्या स्मोकरवरही तीच आहेत. जिथे सेल्सिअस लागेल तिथे तसं लिहितो.)

१५०० नको. बसवायचाच असेल तर १२०० चा बसवा, पण तोही लगेच नको. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मला दिसतंय ते असं की तुमचा एलिमेंट अगदी ठणठणीत आहे आणि उष्णता दुसरीकडे गळते आहे. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं होऊ द्यायचं नसेल तर पाच मिनिटं कागद-पेन्सिल घेऊन बसू या. मी भोसरीच्या एमआयडीसीत हीटर बनवण्याच्या शॉपवर उमेदवारी केली आणि नंतर ओहायोत इंडस्ट्रियल ओव्हनच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलं. ‘मोठा हीटर टाका’ हे गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य असतं आणि दहातल्या सहा-सात वेळा ते चुकीचं निघतं.

एलिमेंटपासून सुरू करू. १२० व्होल्टला १८ ओहम म्हणजे १२० गुणिले १२० भागिले १८, बरोबर ८०० वॅट. नायक्रोमची तार जुनी होते तशी बारीक होत जाते, रेझिस्टन्स थोडा वाढतो आणि शेवटी तुटते. ‘अर्धवट कमजोर’ झालेला एलिमेंट क्वचितच सापडतो. तुमचा आकडा छापील आकड्याशी जुळतोय, म्हणजे तो निर्दोष.

आता कॉर्ड. १६ गेजच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स हजार फुटाला चार ओहम. १०० फुटी कॉर्डमध्ये वीज जाते आणि येते, म्हणजे २०० फूट तार, ०.८ ओहम. मग एकूण १८.८ ओहममधून ६.४ अँपिअर वाहतात आणि एलिमेंटच्या टोकाशी १२० ऐवजी ११५ व्होल्टच पोचतात. पाचच व्होल्ट गेले असं वाटतं, पण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलते. त्यामुळे तुमचा ८०० वॅटचा एलिमेंट प्रत्यक्षात ७३० च्या आसपास वॅट देतोय. उरलेल्यातला काही भाग डेकवरचा बर्फ वितळवतोय.

पुढे डब्याचा हिशेब. उन्हाळ्यात २२५ टिकवायला दिवा साठ टक्के वेळ लागत होता, आणि याच कॉर्डवर एलिमेंट ७३० देतो, म्हणजे सरासरी ४४० वॅट. आत-बाहेरचा फरक १५० डिग्री. ४४० भागिले १५०, म्हणजे दर डिग्री फरकाला २.९ वॅट गळती. बोटावरचा हिशेब आहे हा, पण असल्या कामाला पुरतो. डिसेंबरात तुमचा डबा ७३० वॅट सतत खाऊन १९० वर थांबला, फरक १७५ डिग्री, म्हणजे दर डिग्रीला ४.२ वॅट. तोच डबा उन्हाळ्यापेक्षा चाळीस टक्के जास्त उष्णता गळवतोय! नुसत्या थंडीने हे होत नाही, कारण थंडी आपण फरकात आधीच धरली आहे. हे वाढीव चाळीस टक्के वाऱ्याचे, थंडीने कडक झालेल्या दाराच्या गॅस्केटचे आणि कदाचित पूर्ण उघड्या ठेवलेल्या व्हेंटचे (धूर बाहेर जायच्या झरोक्याचे).

४.२ च्या गळतीने २२५ गाठायला २१० गुणिले ४.२, म्हणजे ८८० वॅट हवेत. हातात आहेत ७३०. दीडशे वॅट कमी पडताहेत, बस.

आणि हे दीडशे वॅट तुमच्या पाण्याच्या ताटात आहेत. एक लिटर पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल लागतात. ताटातून तासाला ३०० मिलिलिटर जरी उडालं तरी एलिमेंटचे जवळपास १९० वॅट केवळ वाफेवर खर्च होतात, आणि ती वाफ व्हेंटमधून मिनेसोटाच्या हवेत जाते. तुम्ही तासाला किती पाणी भरता ते एकदा मोजून पाहा. अर्धा लिटर उडत असेल तर ३१४ वॅट झाले. पाण्याचं ताट मुळात तापमान स्थिर ठेवायला आणि हवा दमट ठेवायला असतं. पण चांगल्या इन्सुलेशनच्या, छोट्या व्हेंटच्या इलेक्ट्रिक डब्यात मांसाचाच ओलावा इतका असतो की ताट रिकामं ठेवलं तरी बिघडत नाही. रिकाम्या ताटात चरबी करपते, म्हणून ताटात कोरडी वाळू भरा आणि वर फॉइल घट्ट गुंडाळा. वाळू उष्णता धरून ठेवते. दार उघडल्यावर आकडा पटकन सावरतो. पाणी हवंच असेल तर निदान उकळतं ओता, नळाचं गार ओतू नका.

म्हणजे पाणी काढलं की १९०, आणि कॉर्ड बदलली की ५०-६०. अडीचशेच्या आसपास वॅट मिळाले, आणि लागत होते दीडशे. कॉर्ड ५० फुटांपेक्षा लांब नको आणि १२ गेजची घ्या (गेजचा आकडा लहान, तितकी तार जाड). हिवाळ्यासाठी बाहेरची, रबरी आवरणाची, जी शून्याखालीही लवचीक राहते. स्मोकर गॅरेजजवळ आणण्याचा मोह होईल. जवळ आणा, पण गॅरेजच्या आत नाही. लाकूड धुमसतं तिथे कार्बन मोनॉक्साइड असतोच, वर चरबी पेटण्याचा धोका. वाऱ्याच्या बाजूला प्लायवूडचा आडोसा उभा करा, डब्यापासून दीड-दोन फूट लांब. दाराला नोट लावून बघण्याची जुनी युक्ती इथेही चालते: डॉलरची नोट गॅस्केटमध्ये धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून धूर आणि पैसा दोन्ही जातोय. कुलपाचा हूक आवळा किंवा सिलिकॉनचं नवं गॅस्केट लावा.

एवढं करून पुन्हा मोजा. मोजायला प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो, तो घ्या; दिव्याकडे टक लावून बसण्यापेक्षा बरा. शिवाय स्मोकरच्या स्वतःच्या सेन्सरवर विश्वास ठेवू नका. त्यावर डांबरासारखा धुराचा थर बसतो आणि तो उशिरा, चुकीचं वाचायला लागतो. वेगळा थर्मामीटरचा प्रोब जाळीवर त्याच उंचीला अडकवून तुलना करा. तो प्रोबही उकळत्या पाण्यात तपासून घ्या. समुद्रसपाटीला २१२, तुमच्याकडे उंचीमुळे साधारण २१०.५ दिसायला हवं.

शोल्डरचं दुखणं मात्र वेगळं आहे, त्याचा दोष एलिमेंटला देऊ नका. दीडशे ते एकशे सत्तरच्या दरम्यान मांसाच्या पृष्ठभागावरून ओलावा इतका उडतो की आत येणारी उष्णता आणि बाष्पीभवनात जाणारी उष्णता बरोबरीत सुटतात. मडक्यातलं पाणी गार राहतं तोच प्रकार. २००० वॅटचा डबा असता तरी तिथे काही तास गेलेच असते. घाई असेल तर १६० ला बुचर पेपरमध्ये किंवा फॉइलमध्ये गुंडाळा, बाष्पीभवन थांबलं की काटा हलतो. आणि मांस स्वतः फार वीज खातं हाही गैरसमज. चार किलोचा शोल्डर फ्रिजच्या ४ सेल्सिअसवरून ९० ला न्यायला साधारण १,२०० किलोज्यूल, म्हणजे दहा तासांत वाटलं तर सरासरी ३३ वॅट. उडणाऱ्या पाण्याचा खर्च वेगळा. पण आधीचा मोठा खर्च डब्याच्या भिंतींचा आणि व्हेंटचा.

मग मोठा एलिमेंट कधी हवा? टर्की किंवा कोंबडी २७५ ला करायची असेल, तेव्हा. २२५ ला पक्ष्याचं कातडं रबरासारखं राहतं, हे तुम्ही खाऊन पाहिलं असेलच. बाहेर १५ डिग्री असताना २७५ म्हणजे २६० डिग्रीचा फरक, ४.२ च्या गळतीने १,०९० वॅट, त्यातून पाण्याचे वजा केले तर साधारण ९००. इथे ८०० चा एलिमेंट खरोखर अपुरा. १२०० चा एलिमेंट तिथे पंचाहत्तर टक्के वेळ चालेल आणि दार उघडल्यावर सावरायला शिल्लक राहील. शिवाय टर्कीत एक गंभीर मुद्दा आहे. मांस ४० ते १४० डिग्रीच्या पट्ट्यात रेंगाळू नये, म्हणूनच अमेरिकेचं कृषी खातं स्मोकरची हवा २२५ ते ३०० ठेवायला सांगतं, आणि पक्षी आत १६५ झाल्याशिवाय खाऊ नये असंही. १९० वर अडकलेल्या डब्यात दोन टर्क्या रात्रभर ठेवणं मला अजिबात पसंत नाही.

१५०० ला नाही म्हणतो त्याचं कारण सर्किटपासून सुरू होतं. १५०० वॅट म्हणजे १२.५ अँपिअर. अमेरिकेतला नियम असा की तीन तास किंवा जास्त चालणारा लोड सर्किटच्या ऐंशी टक्क्यांपुढे जाऊ नये; १५ अँपिअरच्या सर्किटला १२ अँपिअर, म्हणजे १,४४० वॅट. तुमच्या गॅरेजच्या त्याच सर्किटवर दाराचा मोटर आणि एखादा फ्रीजर असणार. १२०० वॅटला १० अँपिअर लागतात आणि सर्किटवर दुसरं काही मोठं नसेल तर ते बसतात. २० अँपिअरचं सर्किट असेल तर १५०० तांत्रिकदृष्ट्या चालेल, पण तुमच्या डब्याला त्याची गरज नाही हे वर निघालंच.

दुसरं कारण धुराचं आहे. या डब्यात लाकडाच्या चिप्सचं ताट एलिमेंटच्या वर असतं. एलिमेंट लाल असतो तेव्हाच चिप्स धुमसतात. एलिमेंट जितका मोठा, तितका तो कमी वेळ चालू राहतो. त्यामुळे मोठा हीटर टाकला की उन्हाळ्यात धूर कमी झाल्याची तक्रार हमखास येते. आणि चालू असतो तेवढा वेळ चिप्सचं ताट जास्त भाजतं. लाकडातून चांगला धूर येतो तो साधारण ३०० ते ४०० सेल्सिअसला, हवा कमी असताना. सेल्युलोज आणि त्याच्या भाईबंदांतून रंग देणारे पदार्थ व आम्लं, लिग्निनमधून धुराचा खरा वास देणारी फिनॉल्स. त्यापुढे गेलं, हवा मिळाली, की चिप्स पेट घेतात आणि चांगला धूर मिळत नाही. म्हणून १२०० बसवल्यावर मी चिप्सचा आणि उष्णतेचा संबंध तोडून टाकायला सांगतो: छिद्रांची स्टीलची नळी, त्यात लाकडाच्या पेलेट्स, एका टोकाला ब्लो टॉर्चने पेटवून विझवायची. एलिमेंट चालू असो नसो, ती आपली धुमसत राहते. आमच्या गावी बियाण्याची कणसं चुलीवर टांगायचे तेव्हाही धूर आणि स्वयंपाक वेगवेगळे हिशेब होते.

आता खरेदी. एलिमेंट विकत घेताना लोक फक्त वॅट बघतात. आम्ही शॉपवर आधी लांबी विचारायचो. ट्युब्युलर एलिमेंट म्हणजे धातूची नळी, मधोमध नायक्रोमची स्प्रिंग, आणि दोघांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासून भरलेली. नळी हलवत हलवत पावडर भरायची, मग रोलिंगमध्ये नळीचा व्यास कमी करायचा म्हणजे पावडर दगडासारखी घट्ट होते, मग हवा तसा बाक द्यायचा. या नळीच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला किती वॅट पडतात, यावर तिचं आयुष्य ठरतं. तुमची नळी ८ मिलिमीटर जाड आणि तापणारा भाग ८० सेंटिमीटर धरला, तर पृष्ठभाग २०० चौरस सेंटिमीटर. ८०० वॅटला दर चौरस सेंटिमीटरला ४ वॅट. वारा नसलेल्या हवेत हे ठीक आहे. त्याच लांबीत कुणी १२०० वॅट कोंबले तर ६ झाले, नळी जास्त लाल, चिप्स पेटणार, नळी लवकर फुटणार. म्हणून १२०० चा घेताना एका वळणाचा नको, दोन वळणांचा, १२० सेंटिमीटरच्या आसपास तापणारी लांबी असलेला शोधा. नळी इन्कोलॉयची (निकेलच्या मिश्रधातूची) मिळाली तर उत्तम, नाही तर चांगल्या स्टेनलेसची. पुष्कळ लोक विचारतात म्हणून सांगतो: गीझरचा एलिमेंट किंवा बादलीत टाकायचा रॉड इथे चालत नाही. तो पाण्याने गार होईल असं धरूनच बनवलेला असतो. हवेत लावला की मिनिटांत जळतो.

आणखी एक गोष्ट, जी कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरात असते: कोल्ड झोन. नळीच्या दोन्ही टोकांना काही इंच भाग मुद्दाम न तापणारा ठेवतात, आत स्प्रिंगऐवजी जाड पिन असते. स्मोकरच्या भिंतीत इन्सुलेशन आहे, आणि एलिमेंट त्या भिंतीतून मागे जातो. कोल्ड झोन भिंतीच्या जाडीपेक्षा तोकडा असेल तर तापणारा भाग इन्सुलेशनच्या आत राहील, त्याची उष्णता कुठेच जाणार नाही आणि मागचे लग (वायर जोडायची धातूची टोकं) भाजून निघतील. भिंतीची जाडी मोजा, त्यात अर्धा-पाऊण इंच मिळवा, तेवढा कोल्ड झोन हवा. फ्लँजच्या (एलिमेंट भिंतीला बसवायच्या पट्टीच्या) स्क्रूंमधलं अंतरही जुळलं पाहिजे.

काम करताना पहिलं म्हणजे प्लग काढून नजरेसमोर ठेवा. काही मॉडेलला मागे स्क्रूचं छोटं झाकण असतं, जुन्यांना रिव्हेट ड्रिल करून पाठ उघडावी लागते. आत बघाल तर बहुधा लगच काळे पडलेले दिसतील. या यंत्रांत एलिमेंटपेक्षा लगच आधी जातात. पितळेचा साधा लग उष्णतेने सैल होतो, सैल झाला की रेझिस्टन्स वाढतो, त्याने आणखी तापतो, आणि एक दिवस वायरसकट गळून पडतो. तिथे निकेलचा मुलामा दिलेले स्टीलचे पाव इंची लग वापरा, प्लॅस्टिकच्या टोपीशिवायचे. चांगल्या क्रिंपिंग पक्कडीने दाबा. सोल्डर अजिबात नको. ते १८५ सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि तुम्हाला कळणारही नाही कधी वितळलं ते. वायर १४ गेजची, सिलिकॉन आणि काचेच्या धाग्याच्या विणीची, २०० सेल्सिअसची. एलिमेंटच्या अगदी जवळच्या सहा इंचांना मायका-ग्लासची ४५० सेल्सिअसची मिळाली तर तीच लावा. अर्थची हिरवी वायर फ्लँजच्या स्क्रूखाली परत घट्ट बसली का ते दोनदा बघा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा कुठलाही आडवा-उभा तुकडा आत लावू नका. जस्ताची वाफ अन्नाजवळ नको.

आता रिले, म्हणजे बोर्डच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणारा स्विच, कारण इथेच लोक मार खातात. कंट्रोल बोर्डवरचा काळा डबीसारखा रिले पाहा, त्यावर अँपिअर छापलेले असतात. ८०० वॅटला ६.७ अँपिअर लागतात. रिले १० चा असेल तर आरामात. १२०० ला १० अँपिअर, म्हणजे रिले काठावर. मी २०१४ मध्ये स्वतःच्या स्मोकरला हौसेने १५०० चा एलिमेंट टाकला आणि बोर्ड तसाच ठेवला. चार वेळा छान चालला. पाचव्या वेळी मडगावच्या मित्राने केलेले चोरीस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज) टांगले होते. गोव्यात चोरीस चुलीच्या धुरावर धरतात, तोच वास आणू म्हटलं. मी आत जेवायला गेलो, इकडे रिलेचे पॉइंट चिकटले. बोर्ड हीटर बंद करायला सांगतोय, रिले ऐकत नाही. परत आलो तेव्हा प्रोब ३८० दाखवत होता आणि खालच्या ताटातली चरबी पेटली होती. दार न उघडता प्लग ओढला आणि दहा मिनिटं वाट पाहिली, एवढंच शहाणपण सुचलं. दार उघडलं असतं तर हवा मिळून ज्वाळा तोंडावर आली असती. पाणी मारलं असतं तर त्याहून वाईट. चोरीसचा कोळसा झाला आणि मित्र अजून ऐकवतो.

त्या डब्यात मूळचा हाय-लिमिट स्विचही मी ‘मध्येच ट्रिप होतो’ म्हणून काढून टाकला होता. दोष सर्वस्वी माझा. ही छोटी बायमेटलची चकती भिंतीला चिकटवलेली असते, तापमान हाताबाहेर गेलं की सर्किट तोडते. तुम्ही काहीही बदला, ती राहिलीच पाहिजे, एलिमेंटच्या सिरीजमध्ये, आणि तिच्यावरही १५ अँपिअर छापलेले हवेत. माझी पसंती हाताने रिसेट करायच्या प्रकाराला, ३५० च्या आसपास तुटणाऱ्या. आपोआप परत जुळणारी चकती बिघाड लपवते. पुन्हा पुन्हा जुळते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

१२०० साठी मी बोर्डच्या रिलेला फक्त निरोप्याचं काम देतो, खरा लोड बाहेरच्या सॉलिड स्टेट रिलेवर (हलणारे पॉइंट नसलेल्या इलेक्ट्रॉनिक रिलेवर) टाकतो. किंवा बोर्ड बाजूला ठेवून पीआयडी कंट्रोलर (तापमान बघून वीज कमी-जास्त करणारा) आणि के टाइप थर्मोकपल (तापमान मोजायचा सेन्सर) लावतो. पीआयडीला ऑटोट्यून करून दिलं की २२५ ला दोन-तीन डिग्रीच्या आत धरून बसतो. सॉलिड स्टेट रिले २५ अँपिअरचा छापील असेल तरी मनात निम्माच धरा, स्वस्तातले तर नक्कीच. त्यातून दर अँपिअरला साधारण एक वॅट उष्णता निघते, म्हणजे १० अँपिअरला दहा-बारा वॅट. ॲल्युमिनियमचा हीट सिंक हवाच, आणि तो डब्याच्या गरम भिंतीवर नको. हा रिले मरतो तेव्हाही बहुतेकदा ‘चालू’ अवस्थेतच मरतो. म्हणून हाय-लिमिट. बंद असतानाही त्यातून काही मिलिअँपिअर झिरपतात, त्यामुळे काम करताना स्विच बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. सायकल टाइम (चालू-बंदची एक फेरी) सॉलिड स्टेटला दोन सेकंद ठेवा. साधा रिलेच ठेवणार असाल तर वीस सेकंदांच्या खाली जाऊ नका: वीस सेकंदांची सायकल म्हणजे तासाला १८० वेळा, आणि लाखभर वेळा टिकणारा रिले साडेपाचशे तासांत संपतो.

कंट्रोलरची कमाल मर्यादा २७५ च ठेवा. एलिमेंट मोठा झाला म्हणून डबा मोठा होत नाही. दाराचं गॅस्केट, खिडकीची काच, वरचा डिस्प्ले सगळं २७५ धरून बनवलेलं आहे. आणि हेही माहीत असू द्या की असा बदल केला की कंपनीची वॉरंटी आणि सुरक्षा प्रमाणपत्र दोन्ही संपतात. घराचा विमा असेल तर तिथेही प्रश्न निघू शकतो.

सगळं जोडल्यावर, प्लग लावण्याआधी, एलिमेंटचा रेझिस्टन्स १२ ओहमच्या आसपास यायला हवा. प्लगची अर्थ पिन आणि डब्याचा पत्रा यांच्यात जवळपास शून्य. कुणाकडे ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर एलिमेंटची पिन आणि नळी यांच्यात बघा. एक मेगाओहमच्या खाली असेल तर लावू नका. साधा मल्टिमीटर इथे ‘ठीक आहे’ म्हणून फसवतो. नवा एलिमेंट पहिल्यांदा लावला आणि बाहेरचं जीएफसीआय (करंटची गळती होताच वीज तोडणारं) सॉकेट ट्रिप झालं तर लगेच दुकानदाराला शिव्या घालू नका. मॅग्नेशियम ऑक्साइड हवेतला ओलावा पितं, दमट गोदामात पडलेला एलिमेंट चार-सहा मिलिअँपिअर सहज गळवतो, आणि जीएफसीआय तेवढ्यालाच उडतं. घरच्या ओव्हनमध्ये २५० ला तीन-चार तास ठेवा, बहुतेक वेळा बरा होतो. हिवाळाभर न वापरलेल्या जुन्या एलिमेंटलाही हेच औषध. जीएफसीआय काढून साध्या सॉकेटवर लावणं हे औषध नाही. मग रिकामा डबा २७५ ला तीन तास चालवा, शेवटच्या पाऊण तासात चिप्स टाका, क्लॅम्प मीटरवर साडेनऊ ते दहा अँपिअर दिसतात का पाहा, आणि पंधरा मिनिटांनी प्लगला हात लावा. कोमट असेल तर चालेल, हात ठेववत नसेल तर सॉकेट सैल आहे.

नाशिकचा प्रश्न. हा १२० व्होल्टचा डबा २३० वर लावला तर पॉवर दुप्पट नाही, ३.७ पट होते: १८ ओहमचा ८०० वॅटचा एलिमेंट २,९०० वॅट खायला लागेल आणि बोर्ड तर त्याआधीच धूर सोडेल, नको तो. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण सततच्या लोडला दीड केव्हीएचा चांगला घ्यावा लागेल आणि तो डब्याइतकाच जड. माझी युक्ती वेगळी आहे: १२०० बसवताना काढलेला ८०० चा एलिमेंट फेकू नका. तसाच दुसरा घ्या आणि दोन्ही सिरीजमध्ये जोडा. ३६ ओहमला २३० व्होल्ट, म्हणजे एकूण १,४७० वॅट, प्रत्येकाच्या वाट्याला ११५ व्होल्ट आणि ७३५ वॅट. दोन्ही एलिमेंट सुखात. बोर्डऐवजी तिकडे सहज मिळणारा २३० व्होल्टचा पीआयडी, आणि प्लग १६ अँपिअरचा मोठा. नाशिकच्या थंडीत १,४७० ची गरज कधीच पडणार नाही, पण पीआयडी हवा तेवढाच वेळ चालू ठेवेल. तिकडच्या घरात आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो, तो आहे का आणि अर्थिंग खरं आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या. नाशिकच्या पावसाळ्यात एलिमेंट ओलावा पिणारच, त्यामुळे जुलैत पहिल्यांदा लावताना अर्धा तास मंद आचेवर.